पुण्याच्या स्वयंपाकघरात क्रूदो

क्रूदो ताटलीत मांडायला दहा मिनिटे लागतात आणि त्याच्या तयारीला चार दिवस लागतात. हे चार दिवस कशासाठी, हे ज्याला नीट उमगले त्याने हा पदार्थ पुण्यात घरी करायला हरकत नाही. ज्याला ते फार वाटतात त्याने सुरमईच्या तुकड्या रव्यात घोळवून तळाव्यात, त्यात कमीपणा काही नाही. कच्च्या समुद्री माशाचे पातळ काप, त्यांवर चांगले ऑलिव्ह तेल, मीठ आणि लिंबासारखे काही आंबट, एवढाच हा इटालियन पदार्थ आहे. चूल नाही, वाटण नाही, मुरवणे नाही. त्यामुळे चूक झाकायलाही काही हाताशी नसते.

नावापासून सुरुवात करावी, कारण अर्धी कृती नावातच आहे. आपल्याकडे हा शब्द इंग्रजीच्या वाटेने आला म्हणून मेनूकार्डावर तो ‘क्रूडो’ असा छापला जातो. मूळ इटालियन उच्चारातला ‘द’ मात्र दंत्य आहे, म्हणजे ‘दही’ म्हणताना आपली जीभ जिथे लागते तिथलाच, आणि तो आपल्याला काहीही कष्ट न घेता जमतो. शब्दाचा अर्थ ‘कच्चा’. ते विशेषण असल्यामुळे आपल्या ‘कच्चा, कच्ची, कच्चे’प्रमाणे ते लिंगवचनानुसार बदलते: मासा असेल तर ‘पेश्शे क्रूदो’, मांस असेल तर ‘कार्ने क्रूदा’, कोळंब्या असतील तर ‘गांबेरी क्रूदी’. इटलीत दुकानात जाऊन नुसते ‘क्रूदो’ मागितले तर बहुधा मासा मिळणारच नाही. दुकानदार ‘प्रोशुत्तो क्रूदो’, म्हणजे मीठ लावून महिनोन्‌महिने वाळवलेली डुकराची मांडी कापायला घेईल, कारण तिच्या शेजारी शिजवलेली ‘प्रोशुत्तो कोत्तो’ही विकायला असते आणि गिऱ्हाइकाला दोहोंतली कोणती हवी एवढेच त्याला कळायचे असते. नुसत्या ‘क्रूदो’ला कच्च्या माशाचा अर्थ पक्का चिकटला तो मुख्यतः इटलीबाहेर, अमेरिकेतल्या इटालियन उपाहारगृहांत, न्यूयॉर्कमध्ये २००० साली सुरू झालेल्या ‘एस्का’चा त्यात मोठा वाटा होता. कच्चा मासा खाण्याची रीत मात्र इटलीच्या किनाऱ्यावर जुनीच आहे. एड्रियाटिक समुद्रावरच्या बारी शहरात कोळी बंदरातच लहान ऑक्टोपस आपटून मऊ करतात आणि लोक तो तिथेच कच्चा खातात.

शब्दाची पाळेमुळे आपल्यापासूनही फार लांब नाहीत. लॅटिनमधला ‘क्रूदुस’ आणि संस्कृतातले ‘क्रूर’ व ‘क्रव्य’ हे शब्द रक्त आणि कच्चे मांस अशा अर्थाच्या एकाच मूळ धातूवरून आलेले मानले जातात. ऋग्वेदात चितेच्या अग्नीला ‘क्रव्याद’, म्हणजे कच्चे मांस खाणारा, म्हटले आहे. ही व्युत्पत्ती पाहुण्यांना जेवणानंतर सांगावी, आधी नव्हे.

या कुळातल्या इतर पदार्थांशी क्रूदोची गल्लत होते, ती एकदा निस्तरलेली बरी. ‘कार्पाच्चो’ हे नाव व्हेनिसमधल्या ‘हॅरीज बार’चे संस्थापक जुझेप्पे चिप्रियानी यांनी २० व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास गोमांसाच्या कागदासारख्या पातळ कापांना दिले आणि ते घेतले व्हित्तोरे कार्पाच्चो या व्हेनिसच्याच जुन्या चित्रकाराच्या आडनावावरून, कारण त्याच्या चित्रांतला लाल रंग त्या मांसासारखा दिसत असे. पुढे ट्यूनापासून बिटापर्यंत कशाचेही पातळ काप पसरले की त्याला कार्पाच्चो म्हणू लागले. म्हणजे ते नाव कापण्याची पद्धत सांगते. ‘तार्तार’मध्ये मांस किंवा मासा बारीक चिरलेला असतो. जपानी साशिमीत मासा कोराच वाढतात आणि सोया सॉस व वसाबी बाजूला देतात. पेरूच्या सेविचेत मासा लिंबाच्या रसात ठेवतात, आणि आम्लामुळे त्याची प्रथिने घट्ट होऊन तो शिजल्यासारखा पांढरा दिसू लागतो. क्रूदोत लिंबू असते खरे, पण ते शेवटच्या क्षणी पडते. मासा पांढरा झाला की तो क्रूदो राहिला नाही असे समजावे.

आता मासा. मी पहिल्यांदा हा पदार्थ करायचे ठरवले तेव्हा इतरांसारखेच मलाही वाटले होते की कच्चा खायचा मासा जितका ताजा तितका उत्तम, म्हणून सकाळी सातला गणेश पेठेतल्या मासळी बाजारात गेलो. ओळखीच्या मावशींनी एका सुरमईचा कल्ला बोटाने उचलून आतला लालभडक रंग दाखवला आणि म्हणाल्या, ‘‘बघा दादा, रात्रीच्या गाडीचा माल हाय.’’ मी म्हटले, ‘‘मावशी, शिजवायचा नाही, कच्चाच खायचाय.’’ त्यांनी कल्ला सोडून दिला, हात फडक्याला पुसला आणि म्हणाल्या, ‘‘मग दुसरीकडं बघा. आमचा मासा तव्यासाठी हाय.’’ मला त्या वेळी ते थोडे लागले, पण या विषयावर नंतर जे काही वाचले त्यात त्या एका वाक्यापेक्षा नेमके काही सापडले नाही.

मावशींचे म्हणणे का बरोबर होते ते पाहू. पहिली गोष्ट कृमींची. समुद्री माशांत अनिसाकिस नावाच्या कृमीच्या बारीक अळ्या असू शकतात आणि त्या जिवंत पोटात गेल्या तर जठराच्या अस्तराला चिकटून तीव्र पोटदुखी व उलट्या होतात. मासा ताजा असण्याशी याचा संबंध नाही. उलट ताज्या माशातली अळीही ताजीतवानीच असते. दुसरी गोष्ट जिवाणूंची. पुण्याला समुद्र नाही. किनाऱ्यावरून निघालेला मासा घाट चढून येईपर्यंत कितीदा उतरवला जातो, कोणत्या बर्फात असतो आणि कोणत्या विळीवर कापला जातो, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि मासळीवर पडणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असतो असे धरून चालता येत नाही. तव्यावर जाणाऱ्या तुकडीचे हे सगळे दोष आच निस्तरते, कच्च्या तुकडीचे कोणीच निस्तरत नाही. तिसरी गोष्ट हिस्टामिनची. सुरमई, बांगडा, कुपा म्हणजे ट्यूना, अशा माशांच्या मांसात हिस्टिडिन हा प्रथिनांचा एक घटक भरपूर असतो. मासा काही तास जरी गारव्याबाहेर राहिला तरी जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झाले की गोठवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही. असा मासा जिभेला मिरपुडीसारखा चरचरतो आणि खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होऊन डोके दुखू लागते. पहिल्याच घासाला चरचरले तर घास बाहेर काढावा आणि उरलेला मासा टाकून द्यावा. इथे हळहळ करू नये.

म्हणून क्रूदोसाठी गोठवलेला मासा घ्यावा. आपल्या मासेखाऊ संस्कारांना हे पटत नाही, कारण ‘बर्फातला’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. परंतु खुद्द इटलीत हाच नियम आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार कच्चा वाढायचा मासा आतपर्यंत उणे २० अंश सेल्सियसला किमान २४ तास किंवा उणे ३५ अंशांना किमान १५ तास गोठवलेला असावा लागतो. तिथल्या उपाहारगृहांत यासाठी झपाट्याने थंड करणारे ‘अब्बात्तितोरे’ नावाचे यंत्र असते, आणि मेनूकार्डाच्या तळाशी मासा ‘अब्बात्तूतो’, म्हणजे असा गोठवलेला, असल्याची बारीक टीप छापतात. घरच्या लोकांसाठी इटलीच्या आरोग्य मंत्रालयाने २०१३ साली मासळीच्या दुकानांत सूचना लावणे सक्तीचे केले: कच्चा किंवा मुरवून खायचा असल्यास मासा घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना किमान ९६ तास ठेवावा, आणि तो फ्रीझर किमान तीन ताऱ्यांचा असावा. सुरुवातीला सांगितलेले चार दिवस ते हेच.

तीन ताऱ्यांपाशी आपल्याकडे एक घोटाळा होतो. भारतात फ्रिजच्या दारावर चिकटवलेले तारे विजेच्या बचतीचे असतात, त्यांचा गारव्याशी संबंध नाही. इटालियन सूचनेतले तारे फ्रीझरच्या कप्प्याची क्षमता सांगतात, आणि तीन तारे म्हणजे उणे १८ अंश. एका दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा छोटा कप्पा तिथपर्यंत पोचेल याचा भरवसा नसतो. दोन दारांच्या फ्रिजचा वेगळा फ्रीझर बहुधा पोचतो. अंदाजाने न चालता फ्रीझरमध्ये ठेवायचा साधा तापमापक विकत आणावा, रात्रभर आत ठेवून सकाळी दार उघडल्याबरोबर आकडा वाचावा. आमच्या भागात देखभालीसाठी अधूनमधून दिवसभर वीज जाते. तसे झाले तर मध्ये गेलेला वेळ मोजू नये, चार दिवस पुन्हा पहिल्यापासून धरावेत.

मात्र गोठवण्याने कृमी मरतात, जिवाणू आणि विषाणू मरत नाहीत. म्हणून बाजारातला तव्याचा मासा चार दिवस गोठवला की तो क्रूदोचा झाला, असे होत नाही. मुळात कच्चे खाण्यासाठी म्हणून स्वच्छ हाताळलेला, कारखान्यातच गोठवून बंद केलेला मासा घ्यावा लागतो. पुण्यात आयात माल ठेवणाऱ्या मोठ्या दुकानांत आणि गोठवलेली मासळी घरपोच देणाऱ्यांकडे ट्यूनाचे आणि सामनचे असे ठोकळे मिळतात. पाकिटावर ‘साशिमी ग्रेड’ लिहिलेले असते, पण तो विक्रेत्यांचा शब्द आहे. अमेरिकेसारख्या देशातही त्याला कायद्यात व्याख्या नाही. म्हणून विक्रेत्याला सरळ विचारावे: हा मासा कच्चा खाण्यासाठीच आहे का, किती तापमानाला किती दिवस गोठवलेला होता, आणि वाटेत कुठे सुटला होता का. उत्तर ‘हो हो, एकदम फ्रेश आहे’ असे आले तर परत फिरावे, कारण विचारलेले काही वेगळेच होते. पाकिटात आतल्या बाजूला बर्फाचे मोठे खडे साठलेले दिसले तर मासा एकदा सुटून पुन्हा गोठला असण्याचा संभव असतो. ट्यूनाच्या रंगावर भाळू नये. कार्बन मोनॉक्साइड लावलेला ट्यूना दिवसेंदिवस टरबुजासारखा लाल दिसतो, ताजेपणाशी त्याचे देणेघेणे नसते.

पहिल्या प्रयोगाला पिंजऱ्यात वाढवलेला सामन किंवा पिवळ्या परांचा ट्यूना घ्यावा; त्यांत कृमींचा धोका तुलनेने कमी मानला जातो. गोड्या पाण्यातले मासे, म्हणजे रोहू, कटला, उजनीची चिलापी, कितीही जिवंत उड्या मारत असले तरी कच्चे कधीही खाऊ नयेत, कारण त्यांच्यातल्या कृमी निराळ्या आणि अधिक चिवट दुखणी लावतात. तिसऱ्या आणि कालवे आजूबाजूचे पाणी गाळून जगतात, त्यामुळे त्या पाण्यातली सगळी घाण त्यांच्यात साठते, तीही वगळावीत. इटलीत सिसिलीच्या माझारा देल वाल्लो गावची खोल पाण्यातली लाल कोळंबी कच्ची खातात आणि ती गोडसर लागते, परंतु ते वाचून आपल्या तळ्यातल्या कोळंबीवर प्रयोग करू नये. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, यकृताचे आजार असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांच्यासाठी कोणताच क्रूदो नाही. घरात असे कोणी पंगतीला असेल तर त्यांची तुकडी निमूटपणे तव्यावर भाजून द्यावी.

चौघांसाठी ३०० ग्रॅम मासा पुरतो. आदल्या रात्री पाकीट कापून उघडावे. हवाबंद पाकिटातच मासा सुटू देऊ नये, कारण हवा नसलेल्या जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. ठोकळा कागदी रुमालात गुंडाळून जाळीवर ठेवावा, खाली ताटली ठेवावी, आणि फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, चार अंशांच्या आत, रात्रभर राहू द्यावा. ओट्यावर किंवा कोमट पाण्यात घाई करू नये. सकाळी रुमाल गुलाबी आणि ओला झालेला असेल, तो बदलावा. मासा जितका कोरडा तितका काप स्वच्छ पडतो आणि तेल चिकटते.

सुरीबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. आपली मासे कापण्याची रीत विळीची आहे, तिच्यात पाते स्थिर असते आणि मासा त्यावर दाबला जातो. तुकडीला ते ठीक, क्रूदोला नाही, कारण दाबले की मांसाचे धागे चिरडतात आणि काप कडेला फिसकटतो. लांब पात्याची सुरी घ्यावी, सायकलवर फिरणाऱ्या धारवाल्याकडून ती आधी लावून घ्यावी, आणि पाटही मांसमच्छीच्या रोजच्या पाटाहून वेगळा, उकळत्या पाण्याने धुतलेला असावा. मासा पुरता सुटण्याआधी, आत थोडा कडक असतानाच काढावा, म्हणजे तो हाताखाली हलत नाही. मांसावरच्या पांढऱ्या रेघा कोणत्या दिशेने जातात ते पाहून त्यांना आडवे कापावे. सुरी तिरपी धरून मुठीजवळचा भाग माशावर टेकवावा आणि टोकापर्यंत एकाच ओढीत स्वतःकडे आणावी. करवतीसारखे मागेपुढे केले की कापावर पायऱ्या उमटतात, त्या नंतर जात नाहीत. जाडी तीन ते पाच मिलिमीटर ठेवावी. त्याहून पातळ केले तर तेलाखाली माशाची चव हरवते. त्याहून जाड केले तर पुण्यातले बहुतेक पाहुणे पहिल्या घासालाच थांबतात, असा माझ्या घरचा अनुभव आहे. ताटल्या अर्धा तास आधी फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

मीठ, तेल आणि आंबट यांच्या क्रमासाठी काकडीची कोशिंबीर आठवावी. कोशिंबिरीत मीठ ऐनवेळी घालतात, कारण लवकर घातले तर पाणी सुटून वाडग्यात काकडी तरंगू लागते. माशाचेही तसेच आहे. काप ताटलीत एकमेकांवर न चढवता मांडावेत आणि पाहुणे पाटावर बसल्यावरच पुढचे काम हाती घ्यावे. सर्वांवर मिळून अर्धा छोटा चमचा मीठ, खडे मीठ जाडसर कुटून, उंचावरून भुरभुरावे. त्यावर तीन मोठे चमचे एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल धारेने सोडावे. मग आंबट. आपले कागदी लिंबू इटलीतल्या मोठ्या पिवळ्या लिंबापेक्षा बरेच झणझणीत असते, त्यामुळे परदेशी कृतीत एका लिंबाचा रस सांगितला असेल तर इथे दोन छोटे चमचे पुष्कळ होतात. त्यात चमचाभर मोसंब्याचा रस मिसळला तर धार बोथट होते. हे शेवटी घालावे आणि ताटली लगेच पुढे करावी. पाचदहा मिनिटे गप्पांत गेली तर कापाच्या कडा पांढुरक्या होऊ लागतात. शेवटी वरून ताजी मिरपूड, किंवा बडीशेपेच्या कोवळ्या पानांची चिमूट. लसूण, चाट मसाला आणि कोथिंबिरीचा ढीग यांचे क्रूदोत काही काम नाही.

एक बदल मात्र मी बिनदिक्कत करतो. लिंबाऐवजी कोकमाचे आगळ घेतो, दीड छोटा चमचा, आणि त्या दिवशी मीठ जवळजवळ निम्मे करतो, कारण आगळात आधीच भरपूर मीठ असते. ट्यूनाच्या लाल कापांवर त्याचे जांभळे थेंब सुरेख दिसतात आणि आंबटपणाला लिंबाची ती तीक्ष्ण टोचणी नसते. एका इटालियन परिचिताने तो खाऊन ‘‘हा क्रूदोच आहे, पण माझ्या आजीला सांगू नका’’ असा निवाडा दिला होता.

कापताना निघालेल्या वेड्यावाकड्या कडा आणि कातडीलगतचे काळपट मांस क्रूदोत घालू नये आणि टाकूनही देऊ नये. ते कापता कापताच झाकून फ्रिजमध्ये ठेवावे, आणि रात्री हळद, तिखट, थोडे आगळ लावून तव्यावर परतावे. ताटलीत तेल-लिंबू लागून उरलेले काप मात्र पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी कच्चे खाऊ नयेत. ताटली पाहुण्यांपुढे येऊन अर्धा तास झाला नसेल तर तेही त्याच तव्यात ढकलावेत.